ग्रंथोपचार आणि मायबोली

औषध म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें पुडी, बाटली किंवा डॉक्टरची सुई उभी राहते. पुस्तक उभें राहत नाहीं. तथापि मनाच्या जखमेवर ग्रंथाचा लेप देण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमधील थीब्ज नगरींत एका राजाचें ग्रंथालय आत्म्याच्या उपचाराचें स्थान मानलें जाई, असें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील ग्रीक इतिहासकार डायोडोरस यानें नमूद केलें आहे. ॲरिस्टॉटलनें शोकनाट्याचें विवेचन करतांना करुणा आणि भय यांच्या विरेचनाची गोष्ट सांगितली. तो शब्दहि त्यानें वैद्यकांतूनच उचलला होता. पुढें १९१६ सालीं सॅम्युअल मॅकॉर्ड क्रोदर्स या अमेरिकन धर्मोपदेशकानें 'अटलांटिक मंथली' मासिकांत एक विनोदी निबंध लिहिला. एक गृहस्थ रोग्यांना औषधाऐवजीं पुस्तकें लिहून देतो, अशी त्यांतली कल्पना. त्या निबंधांत 'बिब्लिओथेरपी' हा शब्द आला. मराठींत त्यास 'ग्रंथोपचार' म्हणतां येईल. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून ग्रंथालयें निघालीं, आणि थट्टेंत जन्मलेला हा शब्द लौकरच गंभीर कामाला जुंपला गेला.

ग्रंथ मनावर उपचार करतो म्हणजे नेमकें काय करतो, याचा विचार कॅरोलिन श्रोड्स या विदुषीनें १९४९ सालच्या आपल्या प्रबंधांत केला. त्यांत तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी तादात्म्याची. कथेंतील दुःखी माणूस वाचकाला आपल्यासारखा वाटतो आणि 'हें माझ्याच वांट्याला आलें' ही एकटेपणाची भावना सैल होते. दुसरी पायरी भावनांच्या निचऱ्याची. जें रडूं स्वतःच्या दुःखावर येत नव्हतें तें परक्याच्या दुःखावर येतें. तिसरी पायरी समजुतीची. त्या परक्याच्या आयुष्याकडे पाहतां पाहतां वाचकाला स्वतःची गुंतवळ उलगडूं लागते. ही केवळ कल्पना राहिलेली नाहीं. फॉरेस्ट स्कोगिन व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सौम्य व मध्यम स्वरूपाचें नैराश्य असलेल्या वृद्धांना स्वतःच्या विचारांकडे पाहावयास शिकविणारीं पुस्तकें दिलीं, आणि त्यांचें नैराश्य कमी झाल्याचें आढळलें. इंग्लंडांत २०१३ सालापासून निवडक पुस्तकांची यादी करून तीं सार्वजनिक ग्रंथालयांतून रुग्णांच्या हातीं देण्याची योजना सुरू झाली.

परंतु या साऱ्या उपचारांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. रोग्याला वाचतां येतें, पुस्तकाची भाषा त्याच्या घरची भाषा असते, आणि एकांतांत बसून पान उलटण्याइतकी त्याला सवड असते. हें गृहीत जेथें लागू पडत नाहीं तेथें ग्रंथोपचारानें काय करावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत जर कोठें नीट उभा राहत असेल तर तो नंदुरबार जिल्ह्यांत.

१ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या रांगा ओलांडून नर्मदेच्या काठापर्यंत पसरला आहे. २०११ च्या जनगणनेंत त्याची लोकसंख्या १६ लक्ष ४८ हजारांवर होती. तींत शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४ च्या आसपास, म्हणजे त्या वेळीं राज्यांतील सर्व जिल्ह्यांत कमी. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, नवापुराकडे मावची, अक्कलकुव्याच्या बाजूला वसावी मंडळींची देहवाली, धडगांवच्या डोंगरांत पावरी, आणि जागोजाग भिलोरीचीं निरनिराळीं रूपें. शाळेचें मराठी पुस्तक हें येथल्या पुष्कळ मुलांच्या दृष्टीनें दुसऱ्या भाषेचें पुस्तक असतें. अशा मुलाला किंवा त्याच्या आईला दुःखाच्या वेळीं एक उत्तम मराठी कादंबरी नेऊन दिली तर ती उशाशीं तशीच पडून राहील. दुधाची तहान लागलेल्यास दुधावरचा लेख वाचून दाखविण्यासारखेंच तें होईल.

मग येथें शब्दाचा उपचार कधीं झालाच नाहीं काय? झाला आहे, आणि त्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. मात्र तीं शोधावयाचीं तर कपाटांतल्या ग्रंथांपेक्षां कानांवर पडलेल्या शब्दांकडे अधिक पाहावें लागतें.

पहिलें उदाहरण धुळ्याच्या तुरुंगाचें. १९३२ सालीं नंदुरबार हा पश्चिम खानदेशाचा तालुका होता आणि धुळें हें त्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. सविनय कायदेभंगाच्या चळवळींतील राजबंद्यांनीं तेथील तुरुंग भरला होता. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, याप्रमाणें अठरा रविवार विनोबा भावे यांनीं त्या बंद्यांपुढें गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनें केलीं, आणि साने गुरुजींनीं तीं ऐकतां ऐकतां उतरून घेतलीं. आज 'गीता प्रवचनें' या नांवानें घरोघर असलेलें पुस्तक असें आधीं कानांनीं ऐकलेलें आहे. तुरुंगवास हा कांहीं आजार नव्हे. पण घरापासूनची ताटातूट, अनिश्चितता आणि रिकामे दिवस हीं मनाला पोखरणारीं कारणें तेथें असतातच. आठवड्याला एक अध्याय, त्यावर सहा दिवसांचें चिंतन, आणि सोबतीला तेंच ऐकलेले बरोबरीचे लोक, हा क्रम एखाद्या कुशल वैद्यानें ठरवून द्यावा इतका नेमका होता.

त्याच्याहि मागें एक कारण होतें. विनोबांच्या आईला गीता वाचावयाची होती, पण संस्कृत समजत नव्हतें. तिनें मुलालाच सोप्या मराठींत ती करावयास सांगितलें. आई १९१८ सालीं वारली. १९३०-३१ सालीं 'गीताई' लिहून झाली. समाधान देणारा ग्रंथ घरांत होता, तरी आईच्या भाषेंत येईपर्यंत तो तिच्या उपयोगाचा नव्हता. नंदुरबारच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या एका गोष्टींत आहे.

दुसरें उदाहरण शेजारच्या पूर्व खानदेशांतलें. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तिशींत वैधव्य आलें, संसाराचा भार एकटीवर पडला. जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत गेल्या. घरच्या माणसांनीं तीं टिपून ठेवलीं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, तीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं. मराठी रसिकांस तो ठेवा वाटला. परंतु रचणारीस तो प्रथम स्वतःचाच आधार होता. महाराष्ट्रांतील बायकांनीं पिढ्यान् पिढ्या जात्याशीं मन मोकळें केलें आहे. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलें लेंकरूं, हें सारें ओवींत सांगतां येई, कारण ओवी सर्वांची होती आणि तिच्याबद्दल कोणी एकीला जाब विचारीत नसे. पिठाची गिरणी आली, श्रम वांचले. पण रडण्याची ती सोईची जागाहि गेली.

तिसरें उदाहरण खुद्द सातपुड्याच्या पायथ्याचें. १९३८ सालीं तळोद्याजवळील मोरवडचे गुलाम महाराज यांनीं भिल्ल बांधवांना आरतीसाठीं एकत्र जमवावयास सुरुवात केली. स्नान करून यावें, एकत्र आरती म्हणावी, दारू सोडावी, आणि एकमेकांस आदरानें 'आप' म्हणावें, असा साधा नेम. ज्यांना सावकार आणि अंमलदार अरेतुरे करीत, त्यांनीं एकमेकांस 'आप' म्हणणें हा मनाच्या एका जुन्या दुखण्यावरचाच इलाज होता. हजारों माणसें जमूं लागलीं. महाराज त्याच वर्षीं निवर्तले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें. व्यसनमुक्तीच्या आजच्या केंद्रांत समूहानें एकत्र बसणें, ठरलेले शब्द एकत्र उच्चारणें आणि एकमेकांना जपणें यांना जें स्थान आहे, तें या डोंगरी माणसांनीं कोणतेंहि शास्त्र न वाचतां साधलें होतें.

याहून जुनी परंपरा इंदलाची. पावरा व भिल्ल समाजांत घरावरचें संकट टळावें, दुखणें बरें व्हावें म्हणून नवस बोलतात आणि तो फेडण्यासाठीं इंदलाची रात्र करतात. पाहुणे जमतात, ढोल वाजतात, रात्रभर गाणें आणि नाच चालतो. तापाचा जंतू गाण्यानें मरत नाहीं, हें खरें. पण आजारानें जो माणूस घरच्या कोपऱ्यांत एकटा पडला होता, त्याच्यासाठीं सारा गांव एक रात्र जागतो, ही गोष्टहि लहान नाहीं. इंग्लंडांत लिव्हरपूलकडे जेन डेव्हिस यांनीं अलीकडे जो मार्ग रूढ केला, त्यांत माणसें वर्तुळ करून बसतात, एकजण कथा किंवा कविता मोठ्यानें वाचतो, मध्येंच थांबून हवें त्यानें बोलावें. पुस्तकांची माहेरघरें असलेल्या देशालाहि अखेर मोठ्यानें वाचण्याकडे वळावें लागलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

याचा अर्थ लिहिलेला शब्द सातपुड्यास परका आहे असा नव्हे. शहाद्याच्या परिसरांत श्रमिक संघटनेच्या चळवळींतून पुढें आलेले भिल्ल कवि वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालीं निघाला. आपल्या लोकांचा अपमान, त्यांची भूक आणि त्यांचा राग आपल्याच माणसानें लिहिलेला पाहणें, हा श्रोड्सबाईंच्या पहिल्या पायरीचाच अनुभव होय. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील जीं तेहतीस गांवें आलीं तीं सारीं अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतलीं. तेथें १९९० नंतरच्या दशकांत आंदोलनांतून जीवनशाळा निघाल्या, आणि मुलांच्या बोलीला व तिच्यांतील कथांना वर्गांत जागा मिळाली. ज्या मुलाचें गांव बुडत आहे त्याला आपल्या डोंगराची आणि नदीची गोष्ट आपल्या भाषेंत ऐकावयास मिळणें, ही शिक्षणाइतकीच सांत्वनाचीहि बाब होती.

आतां उपचाराच्या मर्यादेविषयीं. ज्या साने गुरुजींनीं धुळ्यास तीं प्रवचनें टिपलीं, त्यांनींच पुढें नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ पासून अवघ्या पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. बेचाळीस रात्रीं मित्रांना सांगितलेली आठवण, असें तिचें रूप आहे. तीहि ऐकण्याचीच गोष्ट. किती पिढ्यांनीं ती वाचून डोळे पुसले, याची गणती नाहीं. आणि तरी ११ जून १९५० रोजीं गुरुजींनीं स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. इतरांचीं मनें निववणारा शब्द त्यांच्या हातीं होता. तो त्यांना पुरला नाहीं. यांत त्यांचा कमीपणा नाहीं आणि शब्दाचाहि नाहीं. कांहीं दुखणीं अशीं असतात कीं त्यांना डॉक्टर हवा, औषध हवें, सतत पाहारा ठेवणारा माणूस हवा. तेथें पुस्तक देऊन निश्चिंत होणें हा रोग्याशीं केलेला अपराध ठरतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ग्रंथपालाच्या टेबलावर हा क्रमांक असणें ग्रंथोपचाराचाच एक भाग मानावा.

राहिला प्रश्न कृतीचा. या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आदिवासी कुटुंबांत बराच आढळतो. वेदनेचे झटके येतात आणि मुलाला पुनः पुनः रुग्णालयांत निजावें लागतें. त्याच्या खाटेपाशीं पुस्तकांची पेटी ठेवण्यापूर्वीं त्याची बोली जाणणारा एक माणूस बसवावा. त्यानें पावरींत किंवा मावचींत गोष्ट सांगावी. मुलाला आवडली तर तीच मुलाच्या देखत मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि दुसऱ्या दिवशीं त्या कागदावरून वाचून दाखवावी. सांगणाऱ्यानें उपदेश करूं नये. दारुड्याच्या बायकोला सहनशीलतेचा ग्रंथ आणि पोरक्या मुलाला आज्ञाधारकपणाची गोष्ट देणारे लोक उपचार करीत नाहींत. ते दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. गोष्ट ऐकून कोणी रडलें तर रडूं द्यावें, कोणी उठून गेलें तर जाऊं द्यावें, आणि ऐकणाऱ्यानें स्वतःची गोष्ट सुरू केली तर हातांतलें पुस्तक मिटून ती ऐकावी.

सातपुड्यांतील म्हाताऱ्या गायकांना अजून जें पाठ आहे तें त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं लिहून ठेवणें, आणि तें वाचून दाखवील असा तरुण गांवोगांव तयार करणें, हें काम सार्वजनिक ग्रंथालयांच्या आंवाक्यांतलें आहे. त्यास मोठी इमारत लागत नाहीं. संध्याकाळीं एक कंदील किंवा एक दिवा, एक वही आणि दहा-पांच माणसें जमलीं म्हणजे सुरुवात होण्यास पुरेसें आहे.