पत्र काढणे सोपे, वाचक जोडणे अवघड

(येवला येथे ‘दर्पण’ दिनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. १८३२ साली याच तारखेला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी जेमतेम विशीत होते. या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, पत्रकारांचे सत्कार होतात आणि ते उचितच आहे. मात्र या सोहळ्यात एकाची आठवण सहसा निघत नाही. तो म्हणजे ‘दर्पण’चा वर्गणीदार. त्या पत्राचे वर्गणीदार तीनशेच्या आसपास होते. मराठी गद्य नुकते कुठे उभे राहत होते, वृत्तपत्र म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हते. अशा काळात जे पैसे मोजून हा कागद घरी आणवत होते, त्यांच्या आधारावर ‘दर्पण’ १८४० पर्यंत चालला. संपादकाचे नाव इतिहासात राहिले, वाचकाचे राहिले नाही. आजचा विषय त्या अनामिक वाचकाचा आहे.

आज लिहिणाऱ्याला छापखाना लागत नाही, कागद लागत नाही, टपालखर्चही लागत नाही. हातातल्या मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की त्या क्षणात हजारोंपर्यंत पोहोचतात. तालुक्याच्या गावातही अनेक तरुण उत्साहाने लिहू लागले आहेत. पण यांपैकी किती जण वर्षभराने लिहीत असतात? आणि ज्यांच्यासाठी लिहिले, ते किती जण त्यांच्यासोबत राहिलेले असतात? आरंभशूरता हा आपला जुना दोष आहे. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात पहिल्या अंकांची गर्दी मोठी आहे. दहाव्या वर्षाचा अंक काढणारे थोडे. ते थोडे का टिकले, याचे उत्तर शोधले तर आजच्या लेखकालाही मार्ग सापडतो.

वाचक जेव्हा लेखणी उचलतो

भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ सुरू केले. सात वर्षांनी, १८४८ पासून, त्यात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत होते. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रे प्रसिद्ध झाली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ती मराठी विचारविश्वाचा ठेवा ठरली. त्या पत्रांतली मते समाजाला बोचणारी होती. ‘प्रभाकर’चे मोठेपण असे की, संपादकाने आपल्या पत्रात दुसऱ्याच्या लेखणीला इतकी प्रशस्त जागा दिली. ज्याला वाटते की आपल्या अंकात आपणच बोलावे आणि इतरांनी ऐकावे, त्याच्या वाट्याला श्रोते येतील, सहकारी येणार नाहीत.

याच्या उलट उदाहरण विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. १८७४ साली सुरू झालेली ‘निबंधमाला’ सात वर्षे चालली, चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक सारा मजकूर एकट्या शास्त्रीबुवांचा. एका माणसाने एका भाषेला कसे खडबडून जागे करावे, याचा तो वस्तुपाठ आहे. पण माला जिथे थांबली तिथे थांबली. ती पुढे नेणारा दुसरा हात त्या मासिकात तयार झालेला नव्हता. शास्त्रीबुवांनाही याची जाणीव असावी. कारण १८८० साली शाळा आणि १८८१ साली ‘केसरी’ ही त्यांनी टिळक-आगरकरांसारखे सहकारी सोबत घेऊन उभी केलेली कामे आहेत. १८८२ च्या मार्चमध्ये शास्त्रीबुवा अकाली गेले. ‘केसरी’ मात्र चालत राहिला.

या ‘केसरी’ची पहिली कसोटी त्याच वर्षी लागली. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दीड वर्षाचे पत्र, संपादक तुरुंगात. अशा वेळी पत्र बंद पडणे स्वाभाविक होते. पण लोकांनी निधी जमवला. खटल्याच्या वेळी जामिनासाठी रामशेठ उरवणे पुढे आले ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून. फुले आणि चिपळूणकरांच्या मंडळीत केवढे मतभेद होते, हे सर्वज्ञात आहे. तरीही संकटात सापडलेल्या लेखणीच्या पाठीशी उभे राहताना मतभेद आड आले नाहीत. आपल्या सामाजिक जीवनातील हे पान आजच्या वादविवादांच्या गदारोळात मुद्दाम उघडून वाचण्यासारखे आहे.

अनुनय आणि संवाद

वाचक जोडणे म्हणजे वाचकाला रुचेल तेच लिहिणे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, हे आगरकरांनी दाखवून दिले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा ते १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एवढ्यावरही त्यांनी लेखणीचा सूर बदलला नाही. विशेष म्हणजे त्यांनी वाचकाची टवाळी करून लिहिणे थांबवले असेही झाले नाही. विरोधकालाही युक्तिवादाने पटवता येईल, या विश्वासाने ते लिहीत राहिले. वाचकाच्या बुद्धीवरचा असा विश्वास म्हणजेच संवाद. अनुनय करणारा लेखक वाचकाला लहान मूल समजतो. संवाद करणारा त्याला बरोबरीचा मानतो.

किर्लोस्करवाडीची गोष्ट याच अंगाने पाहण्यासारखी आहे. औंध संस्थानातील माळरानावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि तेथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. मुळात ते कारखान्याचे वार्तापत्र. नांगराचे गिऱ्हाईक हाच त्याचा वाचक. पण या गिऱ्हाइकाला उद्योग, आरोग्य, विज्ञान, कुटुंब यांविषयीही जिज्ञासा आहे, हे संपादकाने ओळखले आणि वार्तापत्राचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच ‘किर्लोस्कर’मधून मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. रूढींना धक्का देणारे ते विचार वाचून अनेक कपाळांना आठ्या पडल्या असतील. पण मासिक घरात येतच राहिले. कारण कुटुंबातील प्रत्येकाला त्यात आपले काहीतरी सापडत होते.

खेड्यातले सत्तावन्न वर्षांचे व्रत

पुण्या-मुंबईच्या पत्रांचा हा इतिहास ऐकून, तालुक्याच्या गावात हे कसे जमायचे, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर नगर जिल्ह्यातच आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. शेतकऱ्याचे दुःख मांडणारे हे पत्र आर्थिक ओढाताणीत सापडले आणि १८८० मध्ये मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले. लोखंडे स्वतः गिरणीत काम केलेले. त्यांनी पत्राला गिरणी कामगारांचे प्रश्न दिले, संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पत्राला त्याचा नेमका वाचक सापडला की काय घडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याच भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले आणि ते नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या लहानशा खेड्यातून चालवले. ज्ञानोबांनी ज्या नेवाशात संस्कृतातील ज्ञान मराठीत आणले, त्याच परिसरात विसाव्या शतकात एका संपादकाने देशातले आणि समाजातले प्रश्न शेतकऱ्याच्या बोलीत आणले. सावकारी, अंधश्रद्धा, शेती, शिक्षण हे त्यांचे विषय. १९६७ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, त्यांनी हे काम केले. सत्यशोधक विचारांशी ज्यांचे पटणार नाही, त्यांनीही या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावे. खेड्यात राहिल्यामुळे त्यांचा वाचक त्यांना बांधावर भेटत होता. वाचकाला काय सलते, हे त्यांना वेगळे विचारावे लागत नव्हते.

येवल्याशी जोडलेले पान

येवल्यात वाचकांविषयी बोलताना १३ ऑक्टोबर १९३५ हा दिवस टाळून पुढे जाता येणार नाही. सुमारे दहा हजारांच्या परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी. त्या घोषणेमागची वेदना समाजापर्यंत आधी पोहोचली नव्हती का? पंधरा वर्षे ती छापून येत होती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ थांबले.

३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. त्यांचा वाचकवर्ग कोणता? ज्याला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, तो. वस्तीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. वर्गणी देण्याची ऐपत नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांना आस्था नाही. पत्राचे ऋण समाजावर आहे की नाही, असा थेट प्रश्न बाबासाहेबांना वाचकांपुढे ठेवावा लागला. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडले.

पण १९३० मध्ये निघालेले ‘जनता’ टिकले. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांनी संपादनाचा भार वाहिला. येवल्याची परिषद झाली तेव्हा ‘जनता’चे पाचवे वर्ष सरत होते. १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आधीची दोन पत्रे अल्पायुषी ठरली आणि हे पाव शतक चालले, याला कारण लेखणीची धार कमी-अधिक असणे हे नाही. पत्राभोवती चळवळीतले हात आणि परिषदांतून भेटणारा वाचक उभा राहिला, हे त्याचे कारण.

यातला दुसरा बोध अधिक कठोर आहे. पत्र निघत असते, पण ज्याने वाचायला हवे तो वाचत नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ सवर्ण समाजाने त्या काळी आस्थेने वाचले असते, तर येवल्याच्या घोषणेपूर्वीच अनेकांना आत्मपरीक्षण करावे लागले असते. वाचक होणे ही केवळ आवड नाही, ती सामाजिक जबाबदारी आहे.

आज करावयाच्या गोष्टी

या इतिहासातून काही साध्या गोष्टी हाती लागतात. जेवढे झेपेल तेवढेच वचन द्यावे. महिन्याला एक लेख जमत असेल तर आठवड्याचे आश्वासन देऊ नये. मात्र ठरलेली तारीख चुकवू नये. वाचकाची सवय घडायला वर्ष लागते, मोडायला दोन अंक पुरतात. आलेल्या पत्राला उत्तर द्यावे, विरोधी पत्राला आधी. चूक दाखवली गेली तर ती पुढच्याच वेळी ठळकपणे दुरुस्त करावी. त्याने पत घटत नाही, वाढते. वाचकांची नोंदवही ठेवावी आणि ज्याचे येणे थांबले त्याची विचारपूस करावी. त्याच्या नाराजीत आपला दोष सापडण्याचा संभव असतो.

विषयांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पैठणीच्या मागावर बसणाऱ्याची मजुरी, कांद्याचे पडलेले भाव, तालुक्याच्या पूर्व भागातील पाणीटंचाई, हे विषय राजधानीतला लेखक येवलेकरांइतके जाणणार नाही. मागावरच्या कारागिराला स्वतः लिहिणे जमत नसेल तर त्याच्याजवळ बसून लिहून घ्यावे आणि त्याच्या नावाने छापावे. आपल्याच पत्रात आपल्याहून चांगले लिहिणारा भेटला तर त्याला पुढे करावे. किती जणांनी पाहिले, किती जणांनी अंगठा दाखवला, या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. बाजारात गर्दी खूप असते, पण घरी कोण येते ते महत्त्वाचे.

आणि वाचकांनी? अंक घरी येतो, कपाटावर पडतो, वर्गणी संपल्याचे स्मरणपत्र येते तेही कपाटावर पडते, अशी आपल्या अनेक सुसंस्कृत घरांची स्थिती आहे. ज्या नियतकालिकाविषयी आस्था वाटते त्याची वर्गणी वेळेवर भरावी. वर्षातून निदान एक पत्र संपादकाला लिहावे. स्तुतीचे नव्हे, विचारांचे. अंक वाचून झाला की शेजारच्या घरी द्यावा, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आणि ज्यांची मते आपल्याला मुळीच पटत नाहीत, अशा एका तरी पत्राचे वर्गणीदार व्हावे. ‘दर्पण’च्या तीनशे वर्गणीदारांनी मराठी वृत्तपत्राचा पाया घातला. येवल्यासारख्या गावात तीनशे घरे शोधणे कठीण नाही. ती शोधायला आजपासून आरंभ करावा, एवढीच विनंती.