न दिसणाऱ्या मालाची मोजदाद

शाळा असो वा कचेरी, ‘डेड स्टॉक रजिस्टर’ नावाची एक जाडजूड वही तेथे हटकून सापडावयाची. खुर्च्या, कपाटे, नकाशे यांची तीत नोंद असते. वर्षअखेरीस कोणी तरी खोल्याखोल्यांतून हिंडून वस्तू मोजतो आणि आकडे जुळले की सही करून मोकळा होतो. संगणक आला तेव्हा तोही याच वहीत जाऊन बसला. परंतु ज्याच्या योगाने संगणक काम करतो त्या सॉफ्टवेअरचे काय? त्यावर रंगाने क्रमांक घालता येत नाही, ते कोपऱ्यात मोडून पडत नाही, आणि शंभर यंत्रांवर त्याच्या नकला केल्या तरी मूळ प्रत तिळमात्र झिजत नाही.

शिवाय खुर्ची विकत घेतली म्हणजे ती संस्थेची होते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत पैसे मोजून बहुधा मिळते ती मालकी नव्हे, केवळ वापराची परवानगी. किती यंत्रांवर, किती माणसांनी, किती काळ, हे सारे करारात लिहिलेले असते. आणि तो करार अथपासून इतिपर्यंत वाचलेला मनुष्य कचेरीत विरळाच. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन सॉफ्टवेअरची गणना ‘वाङ्मयकृतीं’त झाली. कादंबरी आणि पगारपत्रक तयार करणारे सॉफ्टवेअर एका पंक्तीस बसले, याचे एखाद्या कवीस वैषम्य वाटल्यास नवल नाही! पुढे १९९४ च्या दुरुस्तीने, चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणारास किमान ७ दिवसांची व कमाल ३ वर्षांची कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवण्यात आली.

परंतु चोरीची गोष्ट निराळी. प्रामाणिकपणे पैसे भरणारी संस्थाही कशी अडचणीत येते, हे ब्रिटनमधील एका खटल्यावरून दिसून येते. डिआजिओ ही मद्याच्या व्यापारातील बडी कंपनी. तिने सॅप या जर्मन कंपनीचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर घेतले होते, व त्याचे मोल वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरत असे. काही वर्षांनी डिआजिओने दुसऱ्याच एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नवी सोय उभारली. तीमुळे गिऱ्हाईक परस्पर मागणी नोंदवू लागले व फिरते विक्रेतेही तिचा उपयोग करू लागले. ती माहिती मधल्या एका दुव्यातून सॅपच्या सॉफ्टवेअरकडे जाई. त्या दुव्याचेही पैसे भरले असल्याने आता काही देणे उरले नाही, अशी डिआजिओची समजूत होती. सॅपने मात्र ५ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक रकमेचा दावा लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निर्णय दिला की, आडवाटेने झालेला वापर हाही वापरच होय, सबब त्या माणसांचेही परवाने हवेत. रक्कम मात्र पुढे ठरावयाची होती.

आता गंमत अशी की, डिआजिओच्या प्रत्येक यंत्राची झडती घेतली असती तरी या देण्याचा मागमूस लागला नसता. तो दोष यंत्रांत नव्हता, करारातील ‘वापर’ या शब्दात होता. म्हणून यंत्रांची यादी हाती आली म्हणजे काम झाले, ही समजूत भ्रामक आहे. यादी करणे तर आता फारसे कठीण राहिलेले नाही. प्रत्येक संगणकावर एक लहानसे सॉफ्टवेअर ठेवले की त्यावर काय काय आहे ते मुख्य यंत्राकडे आपोआप कळत राहते. एकच वस्तू चार यंत्रांवर चार नावांनी नोंदली जाते, एवढा त्रास उरतो. खरी मेहनत दुसऱ्या वहीची, म्हणजे कोणता हक्क कोणत्या अटींवर घेतला त्या नोंदीची. कोठे यंत्रे मोजावयाची, कोठे माणसे, तर कोठे यंत्राच्या प्रोसेसरमधील ‘कोअर’. तेव्हा तेच काम अधिक मोठ्या यंत्रावर हलविले तरी देणे वाढू शकते. ओरॅकल कंपनीने तर जानेवारी २०२३ पासून आपल्या जावाची वर्गणी संस्थेतील एकूण नोकरवर्गावर बसविण्याची पद्धत काढली. ज्याने संगणकास कधी हात लावला नाही असा दारावरचा पहारेकरीही या हिशेबात येतो. हा न्याय अजब खरा. परंतु करारात लिहिला तो न्याय! अशा वेळी यंत्रे मोजणाराने संगणक-खोलीत न जाता हजेरीपटच मागवावयास हवा. जे सॉफ्टवेअर घरगुती वापरास फुकट म्हणून मिळते, ते कचेरीत आणले की बऱ्याचदा फुकट राहत नाही, हेही ध्यानात असावे.

उलट बाजूची हानी मुकाट्याने होते. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासनीसांनी २०१४ साली २४ मोठी खाती तपासली, तेव्हा परवान्यांची परिपूर्ण यादी अवघ्या २ खात्यांपाशी निघाली. एका खात्याने विखुरलेले करार एकत्र करून सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर वाचविल्याचे त्याच तपासणीत नमूद आहे. जुलै २०१६ मध्ये अशी यादी ठेवणे तेथे कायद्यानेच बंधनकारक झाले.

हा पैसा जातो तो बहुधा सोडून गेलेल्या माणसांपायी. नोकर निवृत्त होतो, त्याचा पगार पहिल्या महिन्यात थांबतो, पण त्याच्या नावचा परवाना वर्षानुवर्षे नवा होत राहतो. आस्थापना शाखेतील कारकुनाने सेवामुक्तीचा हुकूम लेखा शाखेकडे धाडतेवेळी त्याची एक नक्कल परवान्यांची वही सांभाळणाराकडेही धाडली, तर त्याच आठवड्यात तो परवाना नव्या माणसाच्या नावे करता येतो किंवा मुदत संपताच बंद करता येतो.