निर्वासितांचें प्रकरण लिहिणें
(समितीच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)



आपल्या समितीच्या अहवालांत दरवर्षीं जमाखर्चाचें एक पान असतें, आणि बहुतेक वर्गणीदार प्रथम तेंच उघडतात. रुपयांतला किती भाग धान्याला गेला व किती कचेरीला, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. भुकेल्याच्या नांवानें दिलेला पैसा कारकुनाच्या टेबलावर खर्च झाला तर देणाऱ्यास वाईट वाटणारच. परंतु मीं ज्या कामांत कांहीं वर्षें घालविलीं तें काम सर्वस्वीं टेबलावरचें होतें. त्या कामगाराला तिकडे केसवर्कर म्हणतात. एकेका निर्वासित कुटुंबाची हकीकत ऐकावयाची, पडताळावयाची, आणि दुसरा एखादा देश त्यांना कायमचा आसरा देईल अशा रीतीनें ती लिहून पाठवावयाची, एवढेंच त्याचें काम. तेव्हां मी आज कचेरीच्या खर्चाची बाजू घेणार आहें, हें आरंभींच सांगून टाकतों.

पूर्व नेपाळांत झापा जिल्ह्यांत दमक नांवाचें बाजाराचें गांव आहे. झापा व मोरंग या दोन जिल्ह्यांत मिळून भूतानांतून आलेल्या लोकांच्या सात छावण्या होत्या: बेलडांगीच्या तीन, आणि गोल्धाप, खुदुनाबारी, तिमाई व शनिश्चरे. हे लोक नेपाळी बोलणारे. त्यांचे आजे-पणजे दक्षिण भूतानांत रान तोडून शेती करावयास गेलेले. १९५८ सालीं भूतान सरकारनें त्यांना नागरिकत्व दिलें. पुढें १९८५ च्या कायद्यानें १९५८ अखेर देशांत राहत असल्याचा पुरावा मागितला. आणि १९८८ पासून दक्षिणेंत शिरगणती सुरू झाली, तेव्हां अधिकारी त्या सालची जमीन-साऱ्याची पावती पाहूं लागले. मागच्या-पुढच्या सालची पावती चालत नसे, असें मला अनेकांनीं सांगितलें. माणसांचे सात वर्ग पाडण्यांत आले. पहिल्यांत खरे भूतानी, सातव्यांत परके. एका चुलीवर जेवणारीं नवरा-बायको निरनिराळ्या वर्गांत पडलीं. १९८९ सालीं शाळांतून नेपाळी भाषा गेली, १९९० सालीं मोर्चे निघाले, मग धरपकड झाली. आणि पुष्कळांकडून 'आम्ही राजीखुशीनें देश सोडीत आहों' अशा कागदावर सह्या घेण्यांत आल्या. ही सही ध्यानांत ठेवावी. ती पुढें पुन्हां येणार आहे.

१९९१ सालीं हे लोक माई नदीच्या वाळूंत येऊन पडले. गोवरानें व हगवणीनें पुष्कळ मुलें गेलीं. नेपाळ सरकारच्या विनंतीवरून संयुक्त राष्ट्रांचें निर्वासित उच्चायुक्तालय व जागतिक अन्न कार्यक्रम तेथें आले, आणि तेव्हांपासून तांदूळ, डाळ, तेल, मीठ मोजून मिळूं लागलें. बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या. शाळा तर इतक्या चांगल्या कीं इंग्रजी बोलणारी एक पिढीच तेथें तयार झाली. मात्र या लोकांना जमीन घेण्याचा किंवा रीतसर नोकरी करण्याचा हक्क नव्हता. भूतान व नेपाळ यांच्या मंत्र्यांच्या बैठकींवर बैठकी झाल्या आणि एकही माणूस परत गेला नाहीं. अखेर खुदुनाबारी छावणींतील लोकांची दोन्ही सरकारांनीं मिळून तपासणी केली. तिचा निकाल २००३ सालीं लागला. त्यांत शेंकडा अडीच लोकही बळजबरीनें घालविलेले भूतानी ठरले नाहींत. शेंकडा सत्तर 'स्वेच्छेनें देश सोडून गेलेले' ठरले. त्या सहीचें फळ तें हें.

म्हणजे पंधरा-सोळा वर्षें धान्य आलें, तें वांटणाऱ्यांनीं चोख वांटलें, आणि तरीही एक लाखावर माणसें जेथल्या तेथें. धान्य देणाऱ्यांना मी दोष देत नाहीं. तें नसतें तर हीं माणसें जगलींच नसतीं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ ते १९४८ सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका व मुलें. त्यांनाही अन्न, शाळा, प्रार्थनामंदिर सर्व कांहीं मिळालें. तरी छावणी बंद होण्याची वेळ आली तेव्हां प्रत्येकाला 'तुम्ही आतां जाणार कोठें?' हें विचारावेंच लागलें.

नेपाळांतल्या छावण्यांत हा प्रश्न खऱ्या अर्थानें २००६ सालीं विचारला गेला. अमेरिकेनें साठ हजार लोक घेण्याची तयारी दाखविली. मागून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलंड्स व ब्रिटन हे देश पुढें आले. २००७ अखेर काम सुरू झालें. इच्छा असलेल्या कुटुंबानें आपण होऊन अर्ज द्यावा, आम्हीं मुलाखत घेऊन प्रकरण लिहावें, तें त्या देशाकडे जावें, त्या देशाच्या अधिकाऱ्यानें दमकला येऊन पुन्हां मुलाखत घ्यावी, मग डॉक्टरी तपासणी, मग नव्या देशाच्या चालीरीतींचे वर्ग, मग भद्रपूरहून विमान. होय किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार त्या देशाचा; केसवर्करचा नाहीं. हें छावणींत कोणालाच पटत नसे. आमच्या खोलीबाहेर म्हातारे हात जोडून उभे राहत, आणि त्यांच्या हातचा चहासुद्धां आम्हांला घेतां येत नसे.

या कामांत सर्वांत कठीण काय, असें मला विचारतात. मारहाणीच्या व तुरुंगाच्या कथा ऐकणें, हें उत्तर विचारणाऱ्याला अपेक्षित असतें. तें कठीण खरेंच. पण चिकाटीची खरी परीक्षा घेते ती तारीख. छावणींतला माणूस विक्रम संवतांत बोलतो. आपण शकांत ७८ मिळवितों, तसा तिकडे ५७ वजा करण्याचा सोपा आडाखा आहे, आणि तोच घात करतो. त्यांचें वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतें. कोणी म्हणतो, 'आम्ही २०४७ च्या पौषांत गांव सोडलें.' तिकडचा पौष डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे साल १९९० असेल किंवा १९९१ असेल. समजा, भावाच्या कागदावर एकानें १९९० लिहिलें, बहिणीच्या कागदावर दुसऱ्यानें १९९१. दोघेंही एकाच ट्रकमधून आलेलीं. पुढें परदेशचा अधिकारी दोन्ही फायली शेजारीं ठेवतो आणि दोघांपैकीं खोटें कोण बोलतें असें विचारतो. अशी शंका एकदां उठली कीं प्रकरण महिनोन् महिने अडून राहतें, आणि त्या कुटुंबाला आपण काय चुकलों हेंही कळत नाहीं. म्हणून तारखेऐवजीं आम्ही गोष्टी विचारीत असूं. भात कापून झालें होतें काय? दसैं येऊन गेली होती काय? त्या वेळीं पोटांत कोणतें मूल होतें? एवढें विचारल्यावर महिना बहुधा आपोआप सांपडतो. जन्मतारीख मात्र कित्येकांना ठाऊकच नसे, आणि मग कागदावर १ जानेवारी पडे. आजोबा, सून आणि नातू यांचा वाढदिवस एकच, अशीं कुटुंबें आज अमेरिकेंत पुष्कळ आहेत.

दुसरी अडचण नात्यांची. नेपाळी भाषा देवनागरींत लिहितात, पुष्कळसे शब्द आपल्या ओळखीचे, त्यामुळें मराठी माणसाला आपल्याला सर्व समजलें असें वाटूं लागतें. 'दाजु' म्हणजे थोरला भाऊ. पण चुलत भाऊही दाजुच. 'ठूली आमा' म्हणजे शब्दशः थोरली आई. ती मावशी असेल, चुलती असेल. आपल्या घरांतही अशी एखादी 'थोरली आई' असते व तिचें खरें नातें परक्याला सांगतांना आपणच अडखळतों. परदेशच्या कायद्याला मात्र 'कुटुंब' म्हटलें कीं नवरा, बायको व लहान मुलें एवढेंच दिसतें. लग्न झालेला मुलगा वेगळें प्रकरण, म्हातारी आई वेगळें प्रकरण. हीं प्रकरणें एकमेकांस जोडून, 'यांना एकाच गांवीं पाठवावें' असें लिहावें लागतें. तें लिहिलें नाहीं तर आई एका राज्यांत आणि मुलगा हजार मैलांवर. ज्या घरांत दोन बायका होत्या, तेथें तर लेखणी थांबतेच. घेणारा देश एकच बायको मानतो. दुसरीचें व तिच्या मुलांचें काय करावयाचें, याचें समाधानकारक उत्तर मला आजतागायत कोणीं दिलेलें नाहीं. तिचें प्रकरण वेगळें काढून तें जातें. कागद निर्मळ होतो. तिच्या मनाचें काय होतें तें कागदावर लिहिण्यास रकाना नसतो.

याच कामाला छावण्यांत विरोध होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. सर्व लोक परदेशीं गेले म्हणजे भूतानवरची जबाबदारी आपोआप उतरली, परत जाण्याचा हक्क मावळला, असें विरोधकांचें म्हणणें. मला तें आजही बऱ्याच अंशीं खरें वाटतें. त्यावरून २००७ सालीं मारामाऱ्या झाल्या, धमक्या आल्या. परंतु ज्याचा मुलगा छावणींत जन्मून वीस वर्षांचा झाला व ज्याला रोजगाराचा हक्क नाहीं, त्या बापाला 'तुम्ही हक्कासाठीं येथेंच थांबा' असें सांगणें मला जमलें नसतें. जा असेंही आम्ही सांगत नसूं. सांगावयाचें तें एवढेंच: तेथें थंडी आहे, म्हातारपणीं नवी भाषा आहे, विमानाच्या भाड्याचें कर्ज बिनव्याजी पण फेडावयाचें आहे, आणि पहिल्या कांहीं महिन्यांतच काम शोधावयाचें आहे. एक आजी हें सर्व शांतपणें ऐकून म्हणाल्या, 'माझी राख कोणत्या नदींत जाईल?' याचें उत्तर आमच्या छापील पत्रकांत नव्हतें. त्यांनीं अर्ज दिला नाहीं. दोन वर्षांनीं नातवंडें निघालीं तेव्हां दिला.

२०१५ च्या नोव्हेंबरांत देशाबाहेर गेलेल्यांची संख्या एक लाख झाली. पुढें ती एक लाख तेरा हजारांच्या घरांत गेली. त्यांतले नव्वद हजारांहून अधिक एकट्या अमेरिकेंत. सात छावण्यांच्या दोन उरल्या. जे कालपर्यंत कोणत्याच देशाचे नव्हते ते तेथें नागरिक झाले, मतें देऊं लागले, घरें-दुकानें घेऊं लागले. पण सर्व चांगलेंच झालें असें सांगितलें तर मी आपल्याशीं खरें बोललों असें होणार नाहीं. २००९ च्या फेब्रुवारीपासून तीन वर्षांत अमेरिकेंतील या लोकांत सोळा आत्महत्या नोंदल्या गेल्या. तेथील सरकारला त्याची चौकशी करावी लागली. विमान उडालें कीं प्रकरण संपलें, असें आमच्या नोंदवहींत असे. माणसाच्या बाबतींत तसें नसतें.

आणि आतां अगदीं अलीकडची गोष्ट. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेनें निर्वासित घेण्याची आपली योजना स्थगित केली. त्याच वर्षाच्या मार्चपासून, पूर्वीं वसविलेल्या भूतानी लोकांपैकीं कांहींना तिनें विमानानें भूतानला परत पाठविलें. त्यांतील अनेकांवर तेथें गुन्हे शाबीत झाले होते. भूताननें त्यांना ठेवून घेतलें नाहीं, भारताच्या सीमेवर आणून सोडलें. त्यांतले कांहीं वाट काढीत नेपाळांत जुन्या छावणीपर्यंत पोंचले, आणि बेलडांगींत त्यांना परवान्याशिवाय देशांत शिरल्याबद्दल अटक झाली. ज्या गांवांतून त्यांचे आई-बाप निघाले तें त्यांना आपलें मानीत नाहीं, ज्या देशानें घेतलें त्यानें टाकलें, आणि ज्या छावणींत ते वाढले तेथें ते आतां परके. गुन्हा केला असेल तर शिक्षा भोगावी; पण शिक्षा भोगून झाल्यावर माणसाला उभें राहावयास जमीन तरी हवी कीं नको? अशा वेळीं त्यांच्याविषयीं पुराव्यादाखल उरतें तें पूर्वीं लिहून ठेवलेलें प्रकरण: कोणत्या गांवचे, कोणत्या सालीं, कोणाबरोबर, कशामुळें निघाले.

जगांतील निर्वासितांपैकीं अशा रीतीनें तिसऱ्या देशांत वसणारे शेंकडा एकही नसतात. म्हणून आपल्या समितीनें कोणाला परदेशीं पाठवावें असें मी म्हणत नाहीं. माझें मागणें लहान आहे. आपल्या शिधा-केंद्रांवर दुष्काळामुळें गांव सोडून आलेलीं कुटुंबें येतात. त्यांचीं नांवें आपण लिहून घेतों, पण डोकीं मोजण्यापुरतींच. प्रत्येक केंद्रावर एक लिहिणारा माणूस पगार देऊन ठेवावा, आणि आलेल्या माणसांची बोली वेगळी असेल तेथें एक दुभाषी. त्यांनीं प्रत्येक कुटुंबाचें गांव, जमीन, सोबतचीं व मागें राहिलेलीं माणसें, निघाल्याचा महिना, हें सर्व त्यांच्याच शब्दांत लिहावें, वाचून दाखवावें, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. जमाखर्चाच्या पानावर हा खर्च कचेरीच्या बाजूस पडेल, आणि वर्गणीदार विचारतील. त्यांना हें भाषण दाखवावें. लिहिलेल्या नोंदीची एक प्रत त्या कुटुंबाच्या हातीं द्यावी, आणि ती प्लास्टिकच्या पिशवींत घालून द्यावी. झोपडी पावसाळ्यांत गळते.