गोंदणाचा दुसरा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, तेव्हा जो विषय गेल्या हिवाळ्यात माझ्या घरी रोज बोलला जात होता तोच आज आपल्यापुढे मांडते. विषय आहे ओठ गोंदण्याचा. आणि त्यातही, एकदा गोंदलेल्या ओठांवर दुसऱ्यांदा रंग भरून घ्यायला जाताना कोणती तयारी करावी याचा. पार्लरच्या भाषेत याला टच-अप म्हणतात. रंगारी भिंतीला पहिला हात देतो, तो वाळला म्हणजे कुठे फिका पडला ते दिसते, मग दुसरा हात देतो. तसेच हे आहे. मागे कुणीतरी हसले. हसा बाई, पण ऐका.

गोंदण आपल्याला नवे नाही. फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले ते १९३६ साली. माझ्या आजेसासूबाई स्वतःचे वय त्या अधिवेशनावरून मोजत आणि सांगत, की त्याच सालच्या उन्हाळ्यात त्यांची हनुवटी गोंदली गेली. दारावर गोंदणारी बाई आली, ओट्यावर बसली, दिव्याची काजळी कालवली, दोन-तीन सुया एकत्र बांधल्या आणि कामाला लागली. दोघींनी हात धरले, एकीने तोंड. वर हळद चोळली आणि बदल्यात पायलीभर ज्वारी दिली. मेल्यावर सोने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे त्या म्हणत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यातही कुंकू पुसले गेल्यावर मागे राहिलेल्या गोंदणाची गोष्ट आहे. आपल्या बायांना त्याचा केवढा आधार होता हे त्यावरून कळते.

आजेसासूबाईंच्या हनुवटीवरचा ठिपका काळा नव्हता, हिरवट निळा होता. काजळी काळी, मग ठिपका निळा कसा, याचे मला लहानपणापासून नवल वाटे. त्याचे कारण जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. रंग कातडीच्या खाली खोल बसला म्हणजे वरच्या कातडीतून पाहताना तो निळसर दिसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हल्लीचे गोंदण. त्याला यंत्र असते, सुई फार बारीक असते आणि रंग गुलाबी, तपकिरी, विटकरी असे असतात. ओठ गोंदून घेणाऱ्या दोन प्रकारच्या. एक, ज्यांना लिपस्टिक लावण्याचा कंटाळा आहे किंवा ज्यांना आपले ओठ काळसर वाटतात. त्यांना मी नावे ठेवीत नाही, पण काळसर ओठ हा काही रोग नव्हे. उन्हातान्हात केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईचे ओठ गुलाबी कुठून राहणार? दुसऱ्या, ज्यांच्या ओठावर कोडाचा पांढरा डाग आहे. माझी भाची या दुसऱ्या प्रकारातली. तिच्या परवानगीनेच मी हे बोलते आहे. नाव मात्र सांगत नाही.

तिच्या खालच्या ओठावर डाव्या बाजूला डाग उमटला तेव्हा ती अकरावीत होती. औषधे झाली, मलमे झाली, काढे झाले. इतर ठिकाणचे डाग थोडेफार भरून आले, ओठाचा तसाच राहिला. यालाही कारण आहे. कातडीला पुन्हा रंग देणाऱ्या पेशी बहुतेक केसांच्या मुळांतून वर येतात, आणि ओठाला केस नाहीत. म्हणून तिथे औषधाला यश कमी. अशा वेळी त्वचेचे डॉक्टर डागावर आजूबाजूच्या ओठाच्या रंगाशी जुळणारा रंग गोंदतात. याने कोड बरे होत नाही, झाकले जाते, हे आधीच समजून असावे.

गेल्या दिवाळीनंतर पहिला हात झाला. त्या संध्याकाळी ओठ असा सुजला की पोरीने आरशाकडे पाहिले नाही. दोन दिवसांत सूज उतरली. रंग इतका गडद दिसे की माझ्या नणंदबाई म्हणाल्या, पांढरा डाग गेला आणि आता हा विडा खाल्ल्यासारखा ओठ आला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे निघू लागले, तेव्हा पुन्हा रड: सगळा रंग गेला म्हणून. मग महिनाभरात रंग हळूहळू वर आला आणि बसला. एका कोपऱ्यात मात्र हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा फिकी राहिली. ओठाची कातडी पातळ, नेहमी ओली, सारखी हलणारी; तिथे पहिल्या खेपेत रंग सारखा बसतोच असे नाही. म्हणून दुसरा हात लागतो.

नणंदबाईंना घाई होती. पाहुणे पौषानंतर मुलगी पाहण्यास यायचे होते. चौथ्या आठवड्यातच जाऊन येऊ, असा त्यांचा हेका. डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. निदान सहा आठवडे जाऊ द्यावेत, वाटल्यास आठ. आतली जखम पुरती भरण्याआधी पुन्हा सुई लावली तर रंग सारखा बसत नाही आणि वण राहण्याची भीती असते. भिंतीचेही तसेच नाही का? ओल्यावर दुसरा हात दिला की पोपडे धरतात.

आता तयारीचे सांगते. सगळ्यांत मोठी तयारी पिशवी भरण्याची नाही, तोंड उघडण्याची आहे. जे लपवायचे म्हणून आपण जातो, तेच डॉक्टरांना पहिल्याने सांगायचे असते. कोड असेल तर ते निदान वर्षभर स्थिर हवे. नवा डाग नको, जुना वाढलेला नको. कारण वाढत्या कोडात जिथे सुई लागेल, खरचटेल, तिथेच नवा डाग उठू शकतो. दोन खेपांच्या मधल्या दिवसांत कोपरावर, बोटावर, पापणीवर कुठे पांढरे दिसले का हे पाहावे आणि दिसले तर दुसरी खेप पुढे ढकलावी. नुसत्या हौसेने पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलीनेही, घरात कोणाला कोड असल्यास, हे सांगावे.

दुसरी गोष्ट तापाच्या फोडांची. तापात किंवा जागरणाने ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, आपण ताप फुटला म्हणतो. तो हर्पिस नावाच्या विषाणूने येतो. एकदा शरीरात शिरला की तो नसांत दडून बसतो आणि ओठाला सुया टोचल्या की पुन्हा डोके वर काढतो. फोड आले म्हणजे त्या जागचा रंगही जातो आणि यातना होतात त्या वेगळ्याच. ज्यांना असे फोड पूर्वी आले असतील त्यांनी आधीच सांगावे; डॉक्टर गोळ्या देतात, त्या ठरलेल्या दिवसाच्या आधीपासून सुरू करायच्या असतात. पहिल्या खेपेला फोड आले नाहीत म्हणून दुसऱ्या खेपेला गोळ्या गाळू नयेत. आणि ठरलेल्या दिवशी फोड असला तर जाऊच नये. फोन करून दुसरा दिवस मागावा.

औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी, नाहीतर जखम चिघळते. मुरमांसाठी कुणी गोळ्या घेत असेल तर त्यांचे नाव सांगावे, कारण त्यांतल्या काहींनी कातडी नाजूक होते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या असतील तर त्याही सांगाव्यात. पण माझ्या एका ओळखीच्या बाईंनी ओठांच्या हौसेपायी हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद केली होती, तसे कोणी कदापि करू नये. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. दिवस गेलेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल तर हे काम पुढे ढकलावे. ओठ कुठे पळून जात नाहीत.

आठवडाभर आधीपासून ओठाला साधे व्हॅसलीन किंवा तूप लावून तो मऊ ठेवावा. भेगाळलेल्या ओठावर रंग ठिपके-ठिपके बसतो. साली दातांनी सोलण्याची सवय असेल तर ती सोडावी. जाण्याच्या दिवशी पोटभर जेवून निघावे, चहा कमी घ्यावा. लिपस्टिक लावू नये, कारण ओठाचा खरा रंग पाहिल्याशिवाय जुळता रंग कसा निवडणार? रंग निवडायचा तो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, आणि भूल देणारे मलम लावण्यापूर्वी. मलमाने ओठ पांढुरका पडतो. हे मलम घरून थापून, वर प्लॅस्टिक बांधून एस.टी.त बसू नये. ते जास्त झाले तर अपाय होतो. तिथेच, त्यांच्या हाताने लावून घ्यावे. मागच्या खेपेला मलमाने खाज आली असेल, सुजेने आठवडा घेतला असेल, तर तेही सांगावे. पहिल्या खेपेनंतर दर आठवड्याला फोनवर फोटो काढून ठेवले तर कुठला कोपरा कधी फिका झाला ते दाखवता येते. भाचीने हे फोटो काढले होते आणि त्यांचा उपयोग झाला.

आता सुईविषयी. मी वयाने मोठी म्हणून बरोबर गेले होते आणि मीच विचारले, सुई नवी आहे का? विचारताना मला संकोच वाटला, पण डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. त्यांनी बंद पुडी आमच्यापुढे फोडली, हातमोजे नवे घातले, रंग बाटलीतून लहान वाटीत काढला आणि उरलेला टाकून दिला. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात बाहेरही सात दिवस जिवंत राहू शकतो; कावीळ क आणि एड्सही दूषित सुईने पसरू शकतात. एका गावी (गावाचे नाव सांगत नाही) एकाच वाटीत सुई बुडवून पाच जणींचे ओठ झालेले मी ऐकले आहे. त्यांतल्या एकीचा रंग खोल टोचला गेला आणि आता निळसर दिसतो. आजेसासूबाईंच्या ठिपक्यासारखाच, पण हनुवटीवर शोभणारा निळा रंग ओठावर कसा शोभावा? स्वस्त म्हणून जाऊ नका एवढेच म्हणते. भाजी घेताना आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो, मग सुईची पुडी पाहायला लाजायचे कशाला? आणि रक्तदान करणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे, गोंदल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. दुसरा हात झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

घरी आल्यावरचे पथ्य हे आपल्या खानदेशाला सर्वांत अवघड. ऐन भरिताचे दिवस, शेतात वांगी भाजली जाताहेत, आणि पोरीला ठेचा बंद, शेवभाजी बंद, गरम चहा बंद. आठ दिवस मऊ खिचडी, दहीभात आणि केळी. केळ्यांना आपल्याकडे काय तोटा? ओठाला हात लावायचा नाही, पापुद्रा ओढायचा नाही, सांगितलेले मलम स्वच्छ बोटाने लावायचे, उन्हात जाताना तोंडावर पदर. म्हणून मी म्हणते, हे काम वैशाखात काढू नये. पू आला, ताप आला, सूज वाढतच गेली, तर शेजारणीला न विचारता डॉक्टरांना विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे उभी राहिले, ती. दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री नणंदबाई म्हणाल्या, आता डाग दिसणार नाही, पाहुण्यांना काही सांगायचे नाही. भाची गप्प बसली. मग मला म्हणाली, "मामी, हा रंग दोन-चार वर्षांनी पुन्हा फिका होणार. तेव्हा मी दर खेपेला काय सांगून जळगावला जाऊ?" मजजवळ उत्तर नव्हते. तिच्याजवळ होते. तिने ठरवले की सांगायचे. ओठ गोंदायचा तो लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी, नवऱ्याला फसवण्यासाठी नव्हे. नणंदबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच शिकवले होते.

कोड हा महारोग नव्हे. तो शिवल्याने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. शंभरात साधारण एखाद्याला तो असतो, म्हणजे आपल्या आळीतही असणारच. पुण्याला डॉ. माया तुळपुळे यांनी अशा लोकांसाठी श्वेता असोसिएशन काढली. तिथे कोड असलेल्या मुलामुलींचे विवाह जुळवण्याचेही प्रयत्न होतात. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर आला. मंडळाने तो एकदा इथे दाखवावा अशी माझी सूचना आहे. २५ जून हा दिवसही जगभर कोडाविषयी माहिती देण्यासाठी पाळतात, त्या दिवशी दाखवला तर बरे.

पाहुणे आले, त्यांना सांगितले. एक स्थळ परत गेले. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आईने विचारले, दुखले का ग फार? ते बोलणे अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला सूचनांचा मराठी कागद मजजवळ आहे. जिला उतरवून घ्यायचा असेल तिने दुपारी चारनंतर घरी यावे. घरी सांगणे अवघड वाटले तर गिरणीवर जाते म्हणून सांगावे, डबा मात्र बरोबर आणावा.