खूर पाहून नाल

कवीने मोटारीच्या चाकांवर बोलावं, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. तरीही आज चाकांवरच बोलणार आहे, कारण गेल्या पावसाळ्यात एका चाकाने माझी झोप उडवली होती आणि त्यात थोडा दोष माझाही होता.

मी ठाण्यात कोलशेतला राहतो. एका अंगाला खाडी, एका अंगाला हवाई दलाचं ठाणं आणि मधे आम्ही. पूर्वी इथे सँडोजचा रासायनिक कारखाना होता. त्याचा भोंगा आणि सायकलींची रांग यांवर आमची घड्याळं लागत. माझे मेहुणे त्याच कारखान्यात होते. आयुष्यभर सायकलवर गेले-आले. आता कारखान्याच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत आणि रस्त्यावर सायकलींच्या जागी मोटारी.

मेहुणे गेले, मुलगा शिकला, कमावता झाला. आणि या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी एक जुनी ऑडी टीटी घेतली. दोन दारांची, पाठीवरून उतरतं छप्पर असलेली कूपे. मागे बसायची जागा नावापुरती. आपा म्हणाली, "एवढ्या पैशात चौघं बसतील अशी नवी गाडी आली असती." भाचा हसला. सायकलवर गेलेल्या बापाच्या मुलाला एकदा तरी असं काही घ्यावंसं वाटलं, तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? मीही पहिल्या कवितासंग्रहाच्या वेळी कागदापेक्षा मुखपृष्ठावर जास्त खर्च केला होता.

गाडी सुंदर होती; पण सोसायटीतल्या कुणीतरी म्हटलं, "चाकं जरा बारकी दिसतात." झालं! मोटारीचा रंग बदलणं खर्चाचं, बॉडी बदलणं अशक्य. राहिली चाकं. गाडीचं रूप सर्वांत कमी कष्टात बदलायचं तर चाकंच बदलावी लागतात, हे खरं आहे. एका रविवारी त्याने मला खाली बोलावलं. सतरा इंची चाकांच्या जागी वीस इंची, काळीकुट्ट, धारदार आऱ्यांची चाकं बसली होती. तो म्हणाला, "मामू, कशी वाटते?" मी म्हटलं, "वा! क्या बात है!"

या दादीबद्दल मला पुढे फार वाईट वाटलं.

जुलै महिना होता. आपाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून दोघं परत येत होते. कापूरबावडीच्या पुढे पाऊस, अंधार, वाहतूक आणि पाण्याने भरलेला एक खड्डा. आपल्याकडे खड्डा पावसाळ्यात दिसत नाही, तो कळतो. पुढचं डावं चाक त्यात आदळलं, टायर बसला आणि गाडी बाजूच्या रिक्षाच्या दिशेने ओढली गेली. वेग कमी होता म्हणून कुणाला काही झालं नाही. आपा घरी येऊन पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, "मी आता रिक्षानेच जात जाईन."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी चाक काढून पाहिलं. रिमची आतली कड तडकली होती. मग त्यांनी जे समजावलं, ते मी वहीत लिहून घेतलं. कवीला वहीची सवय असते.

टायरच्या अंगावर आकडे असतात. या गाडीवर मूळचे होते २४५/४५ आर १७. म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के आणि आतलं रिम १७ इंचांचं. हिशेब केला तर रबराची भिंत येते ११० मिलिमीटर आणि सबंध चाकाचा व्यास साधारण ६५२. भाच्याने घातलेले टायर होते २५५/३० आर २०. सबंध व्यास ६६१. दुकानदार म्हणाला होता, "टोटल साइझमध्ये काही फरक नाही." तो खोटं बोलला नव्हता. बाहेरून मोजलं तर फरक दीड टक्क्यापेक्षाही कमी. पण रबराची भिंत ११० वरून ७६ वर आली होती. रिम मोठं झालं ते रबराच्या जिवावर. खड्ड्याचा मार जे रबर आणि त्यातली हवा सोसायची, तो आता थेट धातूवर येत होता. आणि धातूही कसला? नामांकित चाकाची स्वस्त नक्कल. किती भार पेलेल याचा आकडा नाही, कुठल्या चाचणीची खूण नाही.

मिस्त्री पुढे म्हणाले, "हे तर दिसलं. न दिसणारं पाहा." त्यांनी दोन बोल्ट माझ्या हातावर ठेवले. या गाडीला चाक पाच बोल्टांवर बसतं आणि त्या बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास असतो ११२ मिलिमीटर. तो जुळत होता. पण कंपनीच्या बोल्टांची मान असते चेंडूसारखी गोल, आणि या नव्या चाकांची भोकं होती नरसाळ्यासारखी तिरकी. गोल मान तिरक्या भोकात एका बारीक रेषेवरच टेकते. पाना फिरवला की घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण पकड खरी नसते. धक्क्यांनी सैल होत जाते. शिवाय चाकाच्या मधलं भोक. या गाडीच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. चाकाचं भोक त्याहून मोठं होतं आणि मधली पोकळी भरायला जी कडी घालतात, ती घातलीच नव्हती. भाचा म्हणाला, "ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरायचं. मला वाटलं, स्पोर्ट्‌स कार अशीच असते."

त्या रात्री मला माझे आजोबा आठवले. आमचं मूळ घराणं मुरबाडकडचं, नालबंदांचं. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायच्या, घोड्यांना नाल ठोकायचे. पौषात म्हसाची जत्रा भरते, तिथला गुरांचा बाजार मोठा. आजोबा तिथे बसत. एकदा एका हौशी मालकाने सांगितलं, पत्री मोठी मार, बैलाचं पाऊल भरदार दिसलं पाहिजे, भाव चांगला येईल. आजोबांनी हत्यारं खाली ठेवली. म्हणाले, "खूर पाहून नाल असते. नाल पाहून खूर कापत नाहीत." मालक दुसऱ्याकडे गेला. गिऱ्हाईक गेलं म्हणून आजी रागावली होती, हेही मला आठवतं. खुराच्या बाहेर आलेली पत्री दगडाला अडते आणि खिळा जरासा आत गेला तर जनावर लंगडतं, हे आजोबांना हाताने ठाऊक होतं. बैल बोलत नाही, म्हणून नालबंदाने विचार करायचा. चाकही बोलत नाही. ते थरथरतं, आणि आपण त्याला ऐट समजतो.

मग काय, हौस सोडून द्यायची? भाचा मूळची चाकं परत लावायला तयार झाला होता. चेहरा मात्र पडला होता. मीच म्हटलं, थांब. हौस वाईट नाही, मापाबाहेरची हौस वाईट. गझलेत मात्रांचं बंधन असतं म्हणून कुणी गझल लिहायची सोडत नाही.

आम्ही आधी कागद तपासले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. कंपनीने नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. चाकांच्या बाबतीत साधी, निर्धोक वाट एकच : कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांच्या आत राहायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. या टीटीला कंपनीनेच १८ इंची चाकं दिलेली आहेत, टायर २४५/४० आर १८. व्यास ६५३, म्हणजे जवळजवळ मूळचाच. रबराची भिंत ९८. कंपनीची १९ इंचीही आहेत. पण त्यात भिंत ८९ वर येते. जर्मनीच्या रस्त्यांवर ती चालेल. आमच्या रस्त्याला भाच्याने स्वतःच १८ म्हटलं.

आता राहिलं रूप. इथे मात्र मामूचा अधिकार चालला. आम्ही गाडीचा बाजूने काढलेला फोटो मोठा छापून घेतला आणि निरनिराळ्या चाकांची चित्रं त्याच मापात कापून, टीपॉयवर त्या फोटोवर ठेवून पाहिली. तासाभरात कितीतरी गोष्टी उमगल्या. काळं चाक टायरच्या काळ्यात मिसळतं आणि आहे त्याहून लहान दिसतं. चंदेरी चाक मोठं दिसतं. आरे रिमच्या अगदी कडेपर्यंत गेले तर चाक भरदार दिसतं. कडेला रुंद पट्टा सोडला तर आक्रसतं. म्हणजे वीस इंची काळ्या चाकाने जे साधत नव्हतं, ते अठरा इंची चंदेरी चाकाने सहज साधत होतं! पाच जाड आरे गाडीला दमदार करतात. पुष्कळ बारीक आरे नाजूक करतात आणि धुताना कंबर मोडतात, हे मिस्त्रींनी पुरवलेलं ज्ञान.

टीटीचं घडणच मुळी वर्तुळांचं. १९९५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात तिचा नमुना पहिल्यांदा दिसला. तिच्यामागे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा साधेपणा आहे, असं जाणकार सांगतात. छप्पर कमान, चाकांवरच्या कमानी, इंधनाचं झाकणसुद्धा गोल. अशा गाडीला खंजिरासारखे आरे म्हणजे अभंगात ढोल-ताशा. आणि गंमत बघा, या रूपवतीलाही एकदा रूपाशी तडजोड करावी लागली. १९९८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा पाठ अगदी नितळ होती. पण युरोपात भरधाव वेगात काही भीषण अपघात झाले. तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा पंख बसवला, स्थिरता राखणारी यंत्रणा दिली, सस्पेन्शन सुधारलं. पंखाने रेषा जरा मोडली, असं काही रसिक म्हणाले. माणसं वाचणार असतील तर रेषा मोडावी.

शेवटी पाच आऱ्यांची, चंदेरी, कंपनीचीच वापरलेली चार चाकं मिळाली. मिस्त्रींनी ती फिरवून पाहिली, कुठे वाक नाही ना, जोड दिलेला नाही ना. गोल मानेचे बोल्ट मोजक्या जोराने, १२० न्यूटन-मीटरवर आवळले आणि बजावलं, "शंभर किलोमीटर झाले की पुन्हा आवळायला या. लोक येत नाहीत." भाचा गेला. तडकलेलं चाक कुणीतरी झाळून वापरायला विकत मागत होतं, तेही त्याने दिलं नाही. मिस्त्रींकडून कापून भंगारात टाकलं.

आपाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या पुढच्या तारखेला ती रिक्षाच्या नाक्याकडे निघाली, तेव्हा भाचा गाडी घेऊन पुढे उभा राहिला. बराच वेळ ती तशीच उभी. मग बसली. परत आल्यावर मी तिला विचारलं, "गाडीत काही बदल दिसला का?" नुसत्या चाकांवर त्याने किती महिने घालवले होते!

"डोळ्यांत औषध घातलं होतं रे, दिसतंय कुठे?" ती म्हणाली. "पण आज गाडी थरथरली नाही."