काळ्या कातळाचं मॉरिशस

मॉरिशस म्हणजे पांढरी वाळू आणि संथ निळं पाणी, असंच आपण ऐकलेलं असतं. लाटा अडवतो तो प्रवाळाचा बांध. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री इथे मात्र तो तुटतो आणि समुद्र थेट काळ्या कातळावर धडकतो. पोहणं तिथे धोक्याचं. मी लांबूनच पाहत राहिलो.

हा बसाल्ट आपल्या सह्याद्रीच्या कुळातला. भूशास्त्रज्ञ सांगतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या तप्त स्थानातून दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानावर फार पुढे हे बेट घडलं.

परतीच्या वाटेवर उसाच्या शेतांत याच दगडांचे उंच ढीग दिसले. गुलामांनी आणि नंतर गिरमिटिया मजुरांनी ते वेचून रचलेले. त्या मजुरांत कोकणातली मराठी माणसंही होती. कधी गेलात, तर तिथे क्षणभर गाडी थांबवा.