आरवायला लागलेला कोंबडा आणि घरचे बियाणे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता थोडा वेळ कोंबड्यांवर बोलणार आहोत. मागे काही मंडळी हसताहेत. हसू द्या. पण पेरणीच्या तोंडावर हातात रोकड नसते, तेव्हा खुराड्यातले दोन कोंबडे विकून सरकीच्या पिशवीला पैसे कोण पुरवते, हे हसणाऱ्यांनी घरी जाऊन विचारावे. त्या पैशाची नोंद सोसायटीच्या खात्यावर नसते आणि आपल्या वहीतही नसते.

परवा एका गावी मुक्कामाला होतो. पहाटे घरामागून घोगरा, अर्धवट तुटलेला आवाज आला. घरची मावशी म्हणाली, "चार महिन्यांचा झाला जी, कंठ फुटून राहिला त्याले. आता येईलच व्यापारी." तिच्या बोलण्यात आपला सारा विषय आला.

नर पिलू तीन ते पाच महिन्यांचे झाले की अंगात नरपणाचे रस वाढतात. तुरा लाल होतो, मानेवरची पिसे लांब आणि टोकदार दिसू लागतात. तलंगीची तीच पिसे गोल राहतात. मग आवाज फुटतो. तो उजेड पाहूनच आरवतो असेही नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवले तरी कोंबडा आपल्या अंगातल्या घड्याळावर आरवतो. कळपात आधी आरवतो तो वरचढ कोंबडा, बाकीचे त्याच्यामागून, हेही त्यांनीच २०१५ मध्ये सांगितले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतच होती. झाकल्याने कोंबडाही गप्प बसत नाही, एवढे त्यात घाला.

आता व्यापाराचे पाहू. कोंबडे आरवू लागले की आपसांत झुंजतात, तलंगांना त्रास देतात, शेजारी कुरकुरतात. बाईला वाटते, गेला तर बरा. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. तो कोंबडा हातात धरतो, अंदाजाने वजन सांगतो आणि भावही तोच ठरवतो. कापसाला कट्टी लावतात तेव्हा आपण भांडतो. मग दारातल्या मालाला काटा का नको? चार बायांनी मिळून एक ताणकाटा घ्यावा आणि किलोवर विकावे. आरवणे म्हणजे वाढ संपली असे नव्हे. देशी कोंबडा त्यानंतरही भरत जातो. मागणी आषाढात चढते आणि श्रावण लागला की उतरते. संक्रांतीनंतर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली तर २१ दिवसांनी पिले निघतात आणि ऐन आषाढात पाच महिन्यांची होतात. पेरणी-निंदणीच्या खर्चाला पैसा तेव्हाच लागतो.

पण सर्वांत मोठे नुकसान भावातले नाही. व्यापारी सगळ्यांत जोमदार कोंबडा उचलतो. मागे राहतो तो मरतुकडा, आणि पुढच्या पिलांचा बाप तोच होतो. ज्वारी काढताना आपण काय करतो? भरदार कणसे आधी बाजूला काढतो, ती बियाण्याला. कोंबड्यात मात्र बियाणे विकतो आणि चाळण घरी ठेवतो. कापसाचे बियाणे आज दरसाल विकत घ्यावे लागते. कोंबडीचे बियाणे अजून आपल्या हातात आहे, तेवढे तरी घालवू नका.

म्हणून आवाज फुटला की त्याच आठवड्यात निवड करा. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. वाढीला चांगला, पाय सरळ, आजारी न पडलेला असा एक निवडा आणि त्याला किंमत सांगूच नका. तोही आपल्याच कळपावर सोडू नका. आई-बहिणींवर तोच नर राहिला तर पुढे अंडी कमी फुटतात, पिले अशक्त निघतात. दुसऱ्या गावच्या बहिणीशी नराची अदलाबदल करा. त्याला खर्च नाही.

हे सगळे राणीखेत एका रात्रीत धुऊन नेतो. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस. एका कुपीत शेकड्यांनी पक्ष्यांची लस असते आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या बाईला एकटीने ती परवडत नाही. अख्ख्या गावाने एक दिवस ठरवला तर परवडते. संघटना म्हणजे नुसता रस्ता अडवणे नव्हे, ही कुपी वाटून घेणेसुद्धा संघटनाच आहे.

कापूसवाल्यांना आणखी एक सांगणे. सरकीची ढेप कोंबड्यांना घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. औषध लावलेले उरलेले बियाणे अंगणात झटकू नका. ते विष आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत: किती कोंबडे काट्यावर विकले आणि किती नर बियाण्याला ठेवले. आकडे घरच्या बाईने सांगावेत आणि पैसाही तिच्याच हाती राहावा. ज्या मालाचा हिशेब आपण ठेवत नाही, त्याचा भाव दुसराच ठरवतो. कापसात हे शिकायला आपली फार वर्षे गेली. खुराड्यात तेवढी घालवू नका.